अर्जात नसलेला रकाना

२०२५ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरते न राहता साऱ्या राज्याला लागू झाले. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावीही कॉलेजच्या एका खोलीत तीन संगणक मांडले गेले, दारावर ‘मार्गदर्शन केंद्र’ असा कागद चिकटला आणि इतिहास शिकवणारा मी मुलांचे अर्ज भरून द्यायला बसलो. भाग एकमध्ये नाव, आईचं नाव, आसन क्रमांक, प्रवर्ग, दाखले. भाग दोनमध्ये शाखा, माध्यम आणि कॉलेजांचा पसंतीक्रम, कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. नेट चालू असेल तर वीस मिनिटांचं काम.

त्या पहिल्याच हंगामात एक मुलगी वडिलांबरोबर आली. दहावीला एक्क्याण्णव टक्के. शेजारच्या संगणकावरच्या क्लार्कने तिचा अर्ज पाहिला आणि मायेनेच विचारलं, “अगं, आर्ट्स चुकून पडलंय का? बदलून देऊ?” ती म्हणाली, “नाही, मला इतिहास करायचाय.” वडील माझ्याकडे वळले. “सर, तुम्हीच समजवा हिला आता.” म्हणजे इतिहासाच्या मास्तराने पोरीला इतिहासापासून वाचवायचं! मी तिला विचारलं, का गं, इतिहासच का? ती दहा मिनिटं बोलली. गावातल्या बारवेवरच्या शिलालेखाबद्दल, तो कुणालाच कसा वाचता येत नाही त्याबद्दल, आणि पाठ्यपुस्तकात आपलं गाव कुठेच का नाही त्याबद्दल. बोलणं संपलं तशी मी स्क्रीनकडे पाहिलं. तिचा प्रवर्ग लिहायला जागा होती, आधार क्रमांक लिहायला जागा होती. ती आत्ता जे बोलली ते लिहायला जागा नव्हती.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कसला लिहायचा, असं कुणाला वाटेल. पण मला तो नसलेला रकाना फार मोठा वाटतो. उच्च माध्यमिक पातळीवर मानव्यविद्या, म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य, खोलात जाऊन शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाला महाराष्ट्रात ती इच्छा नोंदवण्याचीही सोय नाही. आणि समजा नोंदवली, तरी तिला उत्तर देणारा अभ्यासक्रम नाही. अकरावी-बारावीला या विषयांची एक प्रगत पातळी असावी, ती राज्य मंडळाच्या साध्या कनिष्ठ महाविद्यालयात असावी, आणि तिच्यासाठी मुलाने खरोखरचा अर्ज करावा, असं माझं म्हणणं आहे. यातलं तिसरं कलम सगळ्यात वादाचं आहे, हे मला ठाऊक आहे.

आज प्रवेश कशावर मिळतो ते आधी पाहू. दहावीच्या सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांची टक्केवारी काढतात आणि त्यावर गुणवत्ता यादी लागते. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून लेखी गुण किती? चाळीस. सहाशेतले चाळीस. त्यातही सामाजिक शास्त्रांत सगळ्यात कमी गुण पडले असतील, तर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये तो विषय गळूनच पडतो. म्हणजे मुंबईच्या झेवियर्समध्ये किंवा पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, जिथे कला शाखेचा कटऑफही नव्वदीच्या पार जातो, तिथे एखादं मूल संस्कृत, गणित आणि विज्ञानाच्या जोरावर इतिहास शिकायला दाखल होऊ शकतं, आणि त्याचे इतिहासाचे गुण कुणी मोजलेलेही नसतात. कुणी गैरप्रकार केला म्हणून असं होत नाही. नियमच तसा आहे.

दुसऱ्या टोकाला आमच्यासारखी कॉलेजं. इथे कला शाखेला कटऑफ नावाची चीज नाही. फेऱ्या संपल्या तरी जागा उरतात. विज्ञान झेपणार नाही, कॉमर्सला इंग्रजीची भीती, म्हणून आलेली मुलं, भरतीच्या तयारीसाठी सकाळी मैदान मोकळं हवं म्हणून आलेली मुलं, लग्न ठरेपर्यंत कॉलेजात नाव असावं म्हणून घातलेल्या मुली, आणि या सगळ्यांत बसलेली ती शिलालेखवाली. एकीकडे दार इतकं उंच की उडी कशी मारली तेवढंच दिसतं, दुसरीकडे दारच नाही. समोरचं मूल स्वतःहून काही वाचतं का, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

आत गेल्यावर काय मिळतं? इथे मंडळावर सरसकट तोंडसुख घ्यायची माझी तयारी नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची नवी पुस्तकं आधीच्यांपेक्षा कितीतरी बरी आहेत. चित्रं आहेत, नकाशे आहेत, ‘माहीत आहे का तुम्हांला’च्या चौकटी आहेत. घोडं पेंड खातं ते परीक्षेत. ऐंशी गुण लेखी, वीस गुण तोंडी किंवा प्रकल्प. संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा लिहा, विधान सकारण स्पष्ट करा, आणि ‘तुमचे मत नोंदवा’. हा शेवटचा प्रश्न मला फार आवडायचा, कारण निदान तिथे मुलाला स्वतःचं काही म्हणायला वाव आहे असं वाटायचं. मग एके वर्षी तपासताना लागोपाठ तीस-पस्तीस उत्तरपत्रिकांत तेच मत, त्याच शब्दांत सापडलं. गाईडमध्ये ‘तुमचे मत’ छापून आलं होतं. मुलांचा काय दोष? मत छापील मिळतंय आणि त्याला पैकीच्या पैकी गुण पडताहेत, तर स्वतःचं मत बाळगण्याची जोखीम कोण घेईल!

विज्ञानाच्या हुशार मुलाची स्थिती तुलनेने पाहा. त्याला मंडळाचा अभ्यास कमी पडला तर वर जायला जिने आहेत. बायफोकलचे व्यावसायिक विषय आहेत, जेईई-नीट आहे, आणि ज्याला खरोखर विषयाचं वेड आहे त्याच्यासाठी गणित, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, खगोल यांची ऑलिम्पियाड आहेत. त्यांचं प्रशिक्षण मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतं. क्लासवाल्यांनी यातल्या काही जिन्यांची बाजारपेठ केली हे खरं, पण जिने आहेत. इतिहासाचं वेड असलेल्या मुलासाठी आमच्याकडे काय असतं? वक्तृत्व स्पर्धा. विषय: ‘आजची तरुणाई आणि सोशल मीडिया’.

गंमत अशी की दोन पातळ्यांची ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटलंय की गणितापासून सुरुवात करून सगळेच विषय आणि त्यांच्या परीक्षा दोन पातळ्यांवर देता येतील. काही विषय विद्यार्थी सर्वसाधारण पातळीवर घेईल, काही उच्च पातळीवर. सीबीएसईने दहावीच्या गणिताला ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन पातळ्या त्याच सुमाराला आणल्याही. पण गणितापासून सुरुवात म्हटलं की आपल्याकडे गणितापाशीच गाडी थांबते. उच्च पातळीचं समाजशास्त्र, असं नुसतं म्हणून पाहा. ऐकणारा हसतो. समाजशास्त्र ‘सोपं’च असतं, त्याला वरची पातळी कुठून असणार?

ती कुठून असते ते दाखवतो, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. बारामती तालुक्यात सुपे आहे. तिथे १२ मे १८७५ रोजी बाजारात शेतकरी जमले, सावकारांच्या घरांवर चालून गेले, वह्या आणि कर्जरोखे मागून घेऊन त्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद असलेल्या उठावाची ती सुरुवात. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो पसरला. सर्वसाधारण पातळीवर याचं उत्तर चार ओळींचं आहे: सावकारांची पिळवणूक, शेतकऱ्यांचा असंतोष, शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा. पाच गुण.

प्रगत पातळीवर त्याच मुलापुढे सात-आठ कागद ठेवायचे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं आणि तिथला कापूस अडल्याने इथल्या कापसाला मागणी आली, त्या काळातले कापसाचे भाव आणि युद्ध संपल्यावरचे भाव. त्यानंतर फेरआकारणीत वाढवलेला शेतसारा. कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणणारा १८५९ चा कायदा. तो करताना व्याज साचू नये असा हेतू होता, आणि झालं असं की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. एका शेतकऱ्याचा करार, ज्यात तो आपल्या दोन गाड्या आणि चार बैल कर्जापोटी सावकाराला विकतो आणि तेच बैल, त्याच गाड्या महिन्याच्या भाड्याने परत घेतो. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने दंग्यानंतर धाडलेला अहवाल. चौकशी आयोगाच्या, १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या अहवालाचा निष्कर्ष, की सरकारी साऱ्याचा यात दोष नाही, दोष सावकाराचा. आणि महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याच्या स्थितीबद्दल लिहिलेली काही पानं, ज्यांत सरकारी कामगार आणि भटजी यांच्यावर कोरडे ओढलेले आहेत. आता प्रश्न विचारा: सुप्याचे शेतकरी नेमके कुणाविरुद्ध उठले होते? आणि उपप्रश्न: सरकारने नेमलेल्या आयोगाला सरकारचा दोष सापडला नाही, या गोष्टीचं काय करायचं?

याचं छापील उत्तर काढता येणार नाही. म्हणजे गाईडवाले काढतील, आमचे गाईडवाले काहीही काढतील, पण दर वर्षी कागद बदलले की ते कुचकामी ठरेल. मुलाला भाव आणि सारा यांचे आकडे वाचता यावे लागतील, कराराची भाषा उकलावी लागेल, कोण कुणाला काय म्हणून लिहितोय हे पाहावं लागेल, आणि शेवटी स्वतःचं म्हणणं मांडून त्याच्याविरुद्ध जाणाऱ्या कागदाचीही दखल घ्यावी लागेल. हे सोपं वाटतंय का कुणाला?

यातली बोचरी गोष्ट अशी की सुप्याचे यातले काही कागद शाळकरी मुलांपुढे आजही ठेवले जातात. ते एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात आहेत, चांगल्या रीतीने आहेत. पण ते इंग्रजीत किंवा हिंदीत, सीबीएसईच्या मुलाला. मूळ व्यवहार ज्या मराठीत झाला त्या मराठीत ते सुप्याच्या मुलापुढे परीक्षेसाठी येत नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि राज्याच्या अभिलेखागारांत मोडी कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत, वाचणारे मूठभर. आम्ही १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढणाऱ्या राजवाड्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि अकरावीच्या मुलाला मोडीची एक ओळ दाखवत नाही.

जाता जाता आणखी एक. बालभारतीच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असं छापलेलं आहे. म्हणजे कला शाखेच्या मुलाने गणित घ्यावं असं मंडळालाही मान्य आहे. पण कला शाखेच्या वेळापत्रकात गणिताचा तास असलेलं कॉलेज आमच्या परिसरात तरी मी पाहिलेलं नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते, आणि जुनी नाणी तागडीत घालून, त्यांच्या झिजेचा संख्याशास्त्रीय हिशेब करून ते प्राचीन भारताच्या इतिहासाकडे वळले. आज त्यांना अकरावीला जायचं असतं, तर शाखेचा पर्याय निवडतानाच अर्ध्या कोसंबींवर फुली मारावी लागली असती.

आता अर्जाकडे येतो.

माझी मावसबहीण अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. तिथल्या हायस्कुलांत ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाचे अभ्यासक्रम असतात. १९५० च्या दशकात सुरू झालेले, कॉलेजच्या तोडीचे. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा, गुण एक ते पाच. अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत सात कागद देऊन त्यांवर निबंध लिहायला लावणारा प्रश्न असतो. ही पद्धत १९७३ पासूनची. सुप्याचं उदाहरण मला त्यावरूनच सुचलं, हे कबूल केलेलं बरं. बहिणीच्या लेकीला हा इतिहासाचा विषय हवा होता. तिच्या बाबांना वाटत होतं, तेवढ्या वेळात कॅल्क्युलस कर. एडिसनला गेलं म्हणून मराठी बाबा बदलत नाही. शेवटी अर्ज केला, तर शाळेकडून शिफारस आली नाही. लेखन अजून कच्चं आहे म्हणे. पण तिथे असाही एक फॉर्म असतो की शिक्षकांची शिफारस नसली तरी आम्ही आमच्या जबाबदारीवर मुलीला बसवतो, अशी पालक सही करू शकतात. बहिणीला तो फॉर्म ठाऊक होता. तिने सही केली, मुलगी वर्गात बसली, वर्षभर रडतखडत लिहीत राहिली आणि मे महिन्यात पाचपैकी चार घेऊन आली.

या हकिगतीत दोन धडे आहेत आणि ते एकमेकांविरुद्ध जातात. पहिला असा की दारावर बसलेल्या माणसाचा अंदाज चुकू शकतो. शिक्षकाला जे लेखन कच्चं वाटतं ते वर्षभरात पिकतं, आणि पिकवणं हेच तर त्या वर्गाचं काम. दुसरा असा की दार ओलांडण्याची किल्ली नेहमी माहीतगार घरांकडेच असते. तो फॉर्म अस्तित्वात आहे हेच ज्या घराला ठाऊक नाही, त्या घरातली तितकीच हुशार मुलगी पहिल्या नकारानंतर गप्प बसली असणार. अमेरिकेत यावर वाद जुना आहे. अर्ज, शिफारशी, लेखनाचे नमुने यांतून काळी आणि गरीब मुलं गळतात हे दिसल्यावर अनेक शाळांनी दारं उघडी केली. त्यावर काही शिक्षकांनी तक्रार केली की तयारी नसलेली मुलं वर्गात येतात आणि बुडतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आपल्याकडे अर्ज म्हटलं की मला लगेच पुढचं चित्र दिसतं. ‘उद्देशपत्र’ मागवलं तर शहरातली मुलं इंग्रजीत घोटीव दोन पानं देतील, ती कुणी लिहून दिली हे विचारायची सोय नसेल, आणि दादर-कोथरूडात ‘मानव्यविद्या अर्ज मार्गदर्शन, यशाची हमी’ अशा पाट्या लागतील. मुलाखत ठेवली तर नीटनेटकं बोलणाऱ्याला जागा मिळेल, आणि आपल्याकडे नीटनेटकं बोलणं म्हणजे काय हे जात आणि गाव विचारल्याशिवाय ठरत नाही. शिफारसपत्रं मागवली तर संस्थाचालकांच्या नातवंडांचं कल्याण होईल. म्हणून यातलं काहीही नको.

मला हवा असलेला अर्ज म्हणजे एक सकाळ. ज्याला प्रगत पातळी हवी त्याने यावं, टक्के विचारू नयेत. दोन-तीन पानांचा मजकूर द्यावा, एखादा जुना कागद, एखादी कविता, गावच्या लोकसंख्येचा एखादा तक्ता. तासभर वाचायला, तासभर लिहायला. भाषा मुलाची, मराठी, उर्दू, इंग्रजी, जी असेल ती. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. शेवटचा प्रश्न एकच: हे वाचून तुला आणखी काय जाणून घ्यावंसं वाटतं? यावर शिक्षकांनी बसून बोलावं आणि मुलाला सांगावं, तू ये, किंवा तुला जड जाईल असं आम्हांला वाटतं, कारण अमुक. आणि ज्याला ‘जड जाईल’ सांगितलं त्याने तरीही ‘मी येतो’ म्हटलं, तर त्याला येऊ द्यावं. कुणाच्या सहीची गरज नको. हा हक्क त्या कागदावरच ठळक छापलेला असावा, म्हणजे माहीतगार घरांची मक्तेदारी राहणार नाही. सहामाहीपर्यंत झेपलं नाही तर निमूटपणे सर्वसाधारण पातळीवर परत, वर्ष न बुडता.

मग अर्ज कशाला, सगळ्यांनाच सरळ घ्या की, असं विचाराल. कारण अर्जाने निवड होवो न होवो, मुलाला एकदा तरी ‘मला हे हवंय’ असं म्हणावं लागतं. विज्ञानाला जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही, ते गृहीतच असतं. कला शाखेच्या मुलाला सगळे कारण विचारतात, पण खुलासा मागितल्यासारखं. निदान एक जागा अशी असावी जिथे ते कारण ऐकून घ्यायला माणसं बसलेली आहेत.

सगळ्यात जोरकस आक्षेप असा की ही उच्चभ्रूंची चैन होईल, एकाच वर्गात वरचे आणि खालचे असे दोन पाट मांडले जातील. पाट मांडण्याचा आपला इतिहास पाहता हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण प्रगत पातळीच्या मानव्यविद्या महाराष्ट्रात आजही शिकवल्या जातात. मुंबई-पुण्यातल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांत इतिहास उच्च पातळीवर घेता येतो, चार हजार शब्दांचा स्वतंत्र संशोधन-निबंध लिहावा लागतो, ज्ञान म्हणजे काय यावर वर्ग चालतो. फी वर्षाला काही लाख. म्हणजे वरचा पाट मांडलेला आहेच, तो फक्त आपल्या नजरेआड आहे. त्या शाळेतली मुलगी सोळाव्या वर्षी पुराव्याशी झटते, आणि आमची शिलालेखवाली त्याच वयात संकल्पनाचित्राच्या चौकटी भरते. समतेच्या नावाखाली सरकारी व्यवस्थेत सगळ्यांना सारखंच पातळ वाढायचं, यात गरिबाचं काय भलं होतं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे झकास उत्तर नाही. जागा रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण दोन-तीन कॉलेजांत धावतो आणि मानधनाची वाट पाहतो. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान हे विषय मंडळाच्या यादीत आहेत, शिक्षक निवृत्त झाला की कॉलेजच्या यादीतून मात्र जातात. सगळ्या कॉलेजांत हे एकदम होणार नाही हे उघड आहे. तालुक्यातल्या एका कॉलेजात, शनिवारी, आसपासच्या चार-पाच कॉलेजांतली वीस मुलं, एवढ्यावर सुरुवात करता येईल. मोडी वाचणारा एखादा निवृत्त माणूस बहुतेक गावांत सापडतो, आणि त्याला कुणीतरी विचारायला यावं अशी त्याची फार इच्छा असते.

‘पुढे काय?’ या वडिलांच्या प्रश्नाला बगल देणं बरं नव्हे. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी बी.ए.ला प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर मिळतो आणि ती परीक्षा पर्यायी उत्तरांची आहे, तिथे निबंध लिहिता येण्याचा थेट उपयोग शून्य. हे मी कुठल्याच पालकापासून लपवत नाही. पण आमच्या कला शाखेची मुलं खरी कुठे जातात? स्पर्धा परीक्षांकडे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायी उत्तरांऐवजी वर्णनात्मक होणार असं ठरलं, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात हजारो मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगाला ती पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली. त्यांची मागणी वाजवी होती. काही वर्षं एका पद्धतीने तयारी केलेल्यांना मध्येच दुसरी पद्धत लावणं अन्यायाचंच. पण त्या बातम्या वाचताना मला आमच्या वर्गाची आठवण येत होती. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलालाही एखाद्या प्रश्नावर आपलं म्हणणं दोन पानांत मांडायची धास्ती वाटते, ती का? त्याला ते करायला आम्ही पाच वर्षांत एकदाही सांगितलेलं नसतं. छापील मत मात्र पुरवलेलं असतं.

तर त्या मुलीला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, म्हणजे आमचंच. पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो, त्यामुळे वडिलांचाही इलाज चालला नाही. दिवाळीनंतर मी तिला आणि आणखी पाच जणांना एका शनिवारी थांबवलं आणि सुप्याचे चार कागद मराठीत करून त्यांच्यापुढे ठेवले. गुण नाहीत, हजेरी नाही. शेवटचा प्रश्न तोच: आणखी काय जाणून घ्यावंसं वाटतं? मुलीने छान लिहिलं, दोन पानं, बैलांच्या भाड्याचा हिशेब मांडून. माझी अपेक्षा होतीच.

शेवटच्या बाकावर अठ्ठावन्न टक्केवाला एक मुलगा होता. पोलीस भरतीसाठी मैदानावर पळतो, मित्र थांबला म्हणून थांबलेला. त्याने अर्धं पानसुद्धा भरलं नव्हतं. खाली एवढंच लिहिलं होतं: “रोखा जाळला म्हणजे कर्ज गेलं कसं? सावकाराकडे दुसरी प्रत नव्हती का? आमच्याकडे आता सात-बारावर बोजा चढतो, तसं तेव्हा कुठे लिहिलेलं नसायचं का?”

१८७९ च्या कायद्यात अशी तरतूद आली की शेतकऱ्याने करून द्यायचे दस्त गावच्या निबंधकापुढे व्हावेत आणि त्यांची नोंद राहावी. सुप्यानंतर चार वर्षांनी सरकार ज्या प्रश्नापाशी आलं, तिथे हा मुलगा एका शनिवारी, कुणी न सांगता येऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, याचं उत्तर आहे, पण शोधायला ग्रंथालयात बसावं लागेल. तो म्हणाला, “सर, ग्रंथालय पाचला बंद होतं. मी पाचला सुटतो मैदानावरून.”

सोमवारी मी ग्रंथपालांकडे किल्ली मागायला गेलो. अर्ज करा म्हणाले.